घोड्याच्या बारा फ्रेम

घोडा दिसलाच नाही. स्क्रीनच्या डाव्या कडेला काहीतरी लुकलुकलं आणि गेममधला घोडेस्वार हेर थेट गडाच्या दरवाजात. "मॅडम, घोड्याचं विमान झालंय," आमचा टेस्टर म्हणाला.

नवी मुंबईत महापेच्या ऑफिसात आम्ही सहाजण. काम मुख्यतः दुसऱ्यांच्या ॲपच्या डागडुजीचं. पावसाळ्यात एक शेठ आले. २००० साली निघालेला मुलांचा मराठी सीडी-गेम, तो काढणारी कंपनी कधीच बंद पडलेली, आणि तिचा सगळा माल हक्कांसकट शेठनी घेतलेला. "आता ऑनलाइन विकायला काढू. गेम तर तयारच आहे." हे वाक्य ऐकलं की हल्ली मी कोटेशनमध्ये एक शून्य वाढवते.

तयार म्हणजे हातात एक सीडी. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, नाही. गेम ३२ बिटचा, पण इन्स्टॉलर १६ बिटचा, म्हणजे त्याहून जुन्या पिढीचा. आजचं ६४ बिटचं विंडोज त्याला दारातही उभं करत नाही, म्हणून फाइली हाताने उपसल्या. चित्रं २५६ रंगांच्या पॅलेटवरची, म्हणजे ठरलेल्या रंगयादीवरची; आजच्या विंडोजवर ती यादी विस्कटते, त्यामुळे बुरूज जांभळे. संगीत फाइलीत नव्हतंच, सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून होतं. सीडी ड्राइव्ह नसेल तर गड मुका.

आणि मराठी! युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संगणकी पद्धत, रुळायच्या आधीची. मजकूर एका खासगी फाँटच्या हिशेबाने भरलेला, फाँट काढला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. मी कन्व्हर्टर लिहिला तर रफार मागे पडले, 'दुर्ग'चा 'दुगर्' झाला. जुनाच फाँट ठेवावा, तर तो तिसऱ्याच कंपनीचा. गेमबरोबर वाटायचा परवाना फाइलीत कुठेच नाही. शेवटी मुक्त परवान्याचा फाँट घेतला आणि प्रत्येक संवादाची चौकट नव्याने मोजली. तीन आठवडे गेले, पण खरं सांगते, मजा आली. घोडा तेवढा राहिला. त्याची चाल प्रोसेसरच्या वेगावर सोडलेली होती. तेव्हाच्या पेंटियम प्रोसेसरवर दुडकणारा घोडा आता उडत होता.

त्या दिवशी मात्र नौपाड्यात वकीलसाहेबांकडे शेठची फाइल दाखवायची होती. अर्ध्या तासाचं काम, अशा समजुतीत मी घणसोलीहून ठाण्याची लोकल पकडली.

साहेबांनी स्टॅम्पपेपर चाळले. "प्रोग्रामर पगारी होते, म्हणजे कोड कंपनीचा, तो शेठकडे आला. चित्रकार आणि संगीतकार बाहेरचे. त्यांनी १९९९ मध्ये करार करून हक्क कंपनीला दिले. मुदत कुठाय?"

शोधली. नव्हती.

"प्रदेश?"

तोही नव्हता.

कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १९. हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. "म्हणजे २००४ मध्येच चित्रं आणि संगीत ज्याचं त्याच्याकडे परत गेलं. शेठनी घेतलं त्यात ते नव्हतंच." साहेबांनी चहा मागवला. मी तो गार होऊ दिला.

शेठना फोन लावला. "अहो, ते लोक कुठे विचारायला येणारेत?" मी त्यांना 'सिस्टम शॉक २'ची गोष्ट सांगितली: गेम बनवणारी कंपनी बंद, हक्क जाऊन पडले एका विमा कंपनीकडे, आणि तिच्याशी करार झाल्यावरच २०१३ मध्ये गेम पुन्हा विक्रीला आला. शेठ म्हणाले, "विमा कंपनी निदान पत्त्यावर सापडते तरी!" आता यात त्यांचं काय चुकलं?

संगीतकार वारले होते; त्यांच्या मुलाने फोनवरच होकार दिला, बहिणीचीही सही लागेल हेही त्यानेच सुचवलं. चित्रकार बाईंचा करारावरचा पत्ता चरईचा. चालत दहा मिनिटं. म्हटलं, बघू तरी.

सापडल्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. पैशांचं नावही काढलं नाही, म्हणाल्या, आधी दाखव. घोडा पळताना दिसत नसल्याने मी एकेक फ्रेम थांबवून दाखवली.

"हा मी काढलाय?" चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "मागचे दोन्ही पाय जोडीने, एकदम उचललेले. अगं, घोडा असा पळत नाही, ससा पळतो! फार घाई केली होती त्या लोकांनी. हा असाच जाणार असेल तर मी सही करणार नाही."

"बाई, ज्यांनी लहानपणी खेळला त्यांना तोच घोडा हवा असतो."

"असेल. खाली नाव माझं येणार ना?"

पाच वर्षांच्या कलमाने चित्रं त्यांची झाल्याचं पाचच मिनिटांपूर्वी मीच त्यांना समजावलं होतं. काय बोलणार? घोडा जुना ठेवावा असं मला अजूनही वाटतं. तिथे गप्प बसले.

"एकूण किती चित्रं याची?"

"बारा."

"आणि रंग?"

"घोड्याच्या वाट्याला सोळा. चौसष्ट चौकोन रुंद, अठ्ठेचाळीस उंच. त्याच्या बाहेर खूर गेला तर कापला जाईल."

त्यांनी टेबलावरची नातवाची आलेखवही ओढली, चौकोन मोजून चौकट आखली. "पळतो किती वेगात?"

"सध्या दिसतच नाही."

"मग आधी ते नीट कर," बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीला टोक करायला बसल्या.