तुम्ही विचारलंत म्हणून: निर्णय वरूनच होतो, मग पद्धत कशाला?

सार्वजनिक आरोग्यातील निर्णयपद्धतींवर पीएचडी केली असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘निर्णय शेवटी वरूनच होतात, मग तुमच्या पद्धतीचा उपयोग काय?’ नातेवाईक तो कुतूहलाने विचारतात, अधिकारी हसून विचारतात आणि हल्ली विषय निवडण्याच्या बेतात असलेले विद्यार्थीही जरा धास्तावून विचारतात. आजवर मी समोरचा माणूस पाहून उत्तर देत आले. एकदा नीट लिहिते.

सगळे वरून होते, हे आधी मला मान्यच नाही. वरून निधी येतो आणि उद्दिष्ट येते; पहिला नंबर कोणत्या केंद्राचा, हे बहुतेकदा जिल्ह्यातल्याच एखाद्या बैठकीत ठरते. अशाच एका बैठकीमुळे मला या प्रश्नाचे सोपे उत्तर देता येत नाही.

एका आदिवासीबहुल जिल्ह्यात माहेरघरासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र निवडायचे होते. पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या गावांतल्या गरोदर बायकांना दिवस भरण्याआधीच केंद्राच्या आवारात आणून ठेवण्याची ही योजना. यादीत पाच केंद्रे होती आणि निधी एकापुरता. मी गणितज्ञ थॉमस साटी यांची एएचपी (ॲनॅलिटिक हायरार्की प्रोसेस) ही निर्णयपद्धत वापरत होते: दोन-दोन निकष समोरासमोर ठेवायचे आणि कोणता किती पटीने महत्त्वाचा, हे १ ते ९ या मोजपट्टीवर विचारायचे. अंतर महत्त्वाचे की प्रसूतींची संख्या, असे विचारताच एक ज्येष्ठ आरोग्य सेविका म्हणाल्या, ‘मॅडम, जूनमधलं सांगू की जानेवारीतलं?’ पावसाळा धरून सांगा, असे मी म्हटले आणि पुढे गेले.

या उत्तरांवरून केंद्रांची क्रमवार यादी पडद्यावर आली. सर्वांत दुर्गम केंद्र पहिले आले, ज्याच्याकडे प्रसूती जास्त होत्या ते दुसरे आणि त्याहून थोडे आडवाटेचे तिसरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कोणीतरी सांगितले की पहिल्या केंद्राची जागा न्यायालयीन वादात आहे, ते आता धरू नका. मी ते नाव काढून आकडेमोड पुन्हा चालवली. दुसरे आपोआप पहिले व्हायला हवे होते; प्रत्यक्षात तिसरे केंद्र पहिल्या नंबरावर आले.

तालुका आरोग्य अधिकारी काही वेळ पडद्याकडे पाहत राहिले. ‘एक नाव गेलं म्हणून बाकीच्या दोघांमधला रस्ता लांबला का, मॅडम? की कुणाच्या प्रसूती कमी झाल्या?’ मग शेजारच्यांकडे वळून म्हणाले, ‘आपल्याकडे निदान फोन तरी यावा लागतो.’ सगळे हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याचा राग मला अजून येतो.

हा आकडेमोडीचा दोष नव्हता. प्रत्येक निकषाचे गुण हजर असलेल्या केंद्रांत वाटले जातात. अंतराचा मोठा वाटा खाणारे केंद्र उठले की तो वाटा उरलेल्यांत नव्याने वाटला जातो आणि त्याचा जास्त फायदा लांबच्या केंद्राला होतो. बेल्टन आणि गिअर या संशोधकांनी १९८३ मध्येच हे दाखवले होते. माझ्या साहित्य-आढाव्यात त्यांचा परिच्छेदही होता. पण साहित्य-आढाव्यातला परिच्छेद बैठकीत उभा राहून बोलत नाही. गुण सगळ्या केंद्रांच्या बेरजेऐवजी त्या निकषावरच्या सर्वोत्तम केंद्राच्या प्रमाणात मांडावेत, हा उपाय सुचवला जातो. पण काढलेले केंद्र एखाद्या निकषावर स्वतःच सर्वोत्तम असेल, तर पंचाईत तशीच राहते. इथे नेमके तेच होते. इतके किलोमीटर म्हणजे इतके गुण, असे टप्पे आधीच बांधून टाकले तर क्रम उलटत नाही. मात्र ते टप्पे कोणी बांधायचे?

संशोधनाचा आराखडा सादर करताना मी लिहिले होते की गुणांकनामुळे निर्णयातला वशिला संपेल. ते लिहिणाऱ्या त्या मुलीशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, माझे आजही भांडण आहे, आणि दरवेळी मीच जिंकते असेही नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने १९९० मध्ये खर्च आणि लाभ मोजून उपचारांची क्रमवारी लावली, तेव्हा दाताला टोपी बसवणे अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्या वर गेले. लोक हसले, यादी बदलावी लागली. ती म्हणते, पाहा, यादी उघडी होती म्हणूनच हसता आले. मी म्हणते, बदलली ती माणसांच्या निवाड्याने, मग मोजणी कशाला? यावर ती विचारते, मोजणी नसती तर निवाडा कशावर केला असता? भारतात २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागाखाली आरोग्य तंत्रज्ञानाचे मूल्यमापन, म्हणजे औषधे, चाचण्या, उपचार खर्चाच्या मानाने किती उपयोगाचे याची तपासणी, होऊ लागले, तेव्हा मला वाटले होते की हा वाद आता मिटेल. तसे झाले नाही.

माहेरघर शेवटी दुसऱ्या केंद्राला मिळाले, माझ्या नव्या यादीला बाजूला सारून. मात्र टिप्पणीत अधिकाऱ्यांनी कारण लिहिले: प्रसूतींची संख्या अंतरापेक्षा जास्त धरली आहे. असे कारण त्या कागदावर एरवी आले असते का, हे मला सांगता येत नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारले की दोन याद्यांपैकी खरी कोणती. मी म्हटले, दोन्ही नाहीत. त्यांचे समाधान झाले नाही, पदवी मात्र दिली.