कार्लो आज असता तर

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार, रात्री उशिरा

आज कार्लो आकुतिसचा सण, इटलीतला पंधराव्या वर्षी गेलेला मुलगा. ७ सप्टेंबरला रोममध्ये पोप लिओंनी त्याला संत घोषित केलं तेव्हापासून इथे वसईत ज्याच्या त्याच्या स्टेटसला हाच, लाल टीशर्ट, पाठीवर सॅक, कुरळे केस, एकदम शेजारच्या गल्लीतला पोरगा वाटतो. आजच्या मिस्सात (चर्चमधल्या प्रार्थनेत) पण प्रवचन त्याच्यावरच. कॉम्प्युटरवाला संत, इंटरनेटचा संत, लहान वयात वेबसाइट बनवली, हे सगळं परत एकदा ऐकलं. खोटं काहीच नाही त्यात, पण खरं सांगू का, मला त्या वेबसाइटचं एवढं काही वाटत नाही.

मला आवडतो तो सायकलवाला कार्लो. मिलानमध्ये राहायचा, खात्यापित्या घरचा, आणि सायकलवरून जाताना बिल्डिंग-बिल्डिंगच्या वॉचमन लोकांशी थांबून बोलत बसायचा, त्यातले बरेचसे बाहेरच्या देशांतून पोटासाठी आलेले. आमच्या सोसायटीतल्या किती पोरांना आपल्या वॉचमनचं नाव माहितीये? पोरांचं सोडा, मोठ्यांना तरी? पॉकेटमनी साठवून रस्त्यावर झोपणाऱ्यांसाठी स्लीपिंग बॅगा घेतल्या, आईने बुटांचा दुसरा जोड घेऊ म्हटलं तर नको, एक आहे ना, ते पैसे कोणाला तरी देऊ म्हणाला. वर्गात कोणाला त्रास देत असले तर मध्ये पडायचा. आणि हे सगळं करून परत पोरगा तो पोरगाच, प्लेस्टेशन खेळायचा (पण आठवड्याला एकच तास, स्वतःच घातलेला नियम, आमच्या चिरंजीवांना सांगितलं तर म्हणे मम्मी म्हणूनच तो संत झाला), सॅक्सोफोन वाजवायचा, घरच्या कुत्र्यांचे गमतीशीर व्हिडिओ काढायचा.

आणि मग २००६ चा ऑक्टोबर. आधी फ्लूच वाटला सगळ्यांना. निघाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, त्यातला एम-३ प्रकार. मी लॅबमध्ये काम करते म्हणून हे नाव वाचलं की पोटात गोळाच येतो. मायक्रोस्कोपखाली त्या पेशींमध्ये काड्यांची जुडी बांधून ठेवल्यासारख्या रेघा दिसतात, एकदा बघितल्या की विसरत नाही माणूस, आणि दिसल्या की स्लाइड तशीच ठेवून आधी फोन उचलायचा डॉक्टरांना. कारण हा प्रकार फसवा आहे. पहिले दिवस निभावले तर ल्युकेमियांमधला सगळ्यात बरा होणारा हाच, व्हिटॅमिन ए च्या जातीचं औषध आणि आर्सेनिक यांवर बहुतेक पेशंट चक्क बरे होतात. पण त्या पहिल्या दिवसांतच रक्त गोठायची सगळी सिस्टिम कोलमडते, मेंदूत रक्तस्राव होतो आणि औषध लागू पडायच्या आत खेळ खलास. कार्लोचं तेच झालं. मोन्झाच्या हॉस्पिटलमध्ये १२ तारखेला गेला. पंधरा वर्षांचा. दुखतंय का विचारल्यावर माझ्यापेक्षा जास्त सोसणारे लोक आहेत म्हणाला होता म्हणे.

लोक म्हणतात देवाची योजना. असेल बाबा. मीही दर रविवारी मिस्साला जाणारी बाई आहे, ऑक्टोबरभर घरात जपमाळ असते, तरी हे वाक्य मला कुठल्याही आईसमोर म्हणवत नाही. संत म्हटलं की ते मरणसुद्धा आधीच ठरल्यासारखं वाटायला लागतं, आणि तसं नव्हतं ते, ताप आलेला एक मुलगा होता आणि घरचे तो उतरायची वाट बघत होते.

त्याच्या अंत्यविधीचं जे वाचलंय ते मात्र डोक्यातून जात नाही. चर्च गच्च भरलं, आणि त्यात कितीतरी जण असे की घरच्यांनी त्यांना कधी बघितलेलंच नाही, बेघर, गरीब, परदेशातून आलेले कामगार. हे सगळे पोराच्या ओळखीचे! आईबापाला आपला मुलगा दिवसभर कुठे कुठे थांबायचा ते त्या दिवशी कळलं. आपण मुलांचे मार्क बघतो, मोबाइल चेक करतो, कोणाबरोबर फिरतो ते विचारतो, आणि एवढी मोठी गोष्ट घरात कोणालाच नीट माहीत नाही. अभिमान वाटला असेल की अजूनच तुटलं असेल आतून, मला खरंच ठरवता येत नाही. दोन्ही एकदम होत असेल.

आता त्याचा देह इटलीतल्या असिसीला आहे, काचेमागे, जीन्स आणि नायकेच्या शूजमध्ये. चेहरा सिलिकॉनने नीट केलाय. पुढच्या वर्षी आमच्या चर्चची टूर काढायचं चाललंय, सगळे जाऊया म्हणतायत. मला नाही बघवणार. मी खाली चौकात कॉफी पीत बसेन.

त्याच्या आईला नंतर जुळी झाली, मुलगा आणि मुलगी, कार्लो गेला त्याच तारखेला, २०१० साली. म्हणजे दरवर्षी १२ ऑक्टोबरला त्या घरात एकाची मिस्सा आणि दोघांचा केक. सप्टेंबरमध्ये रोमला दोघंही हजर होती, मोठ्या भावाला संत करतानाच्या सोहळ्यात, ज्याला त्यांनी कधी बघितलंच नाही. मघाशी भांडी लावताना मी सहज हिशोब केला, दोघांना आज पंधरा पूर्ण झाली. कार्लो गेला तेव्हा पंधरा वर्षं पाच महिन्यांचा होता, म्हणजे येत्या मार्चपासून ती त्याच्यापेक्षा मोठी होत जाणार, आणि त्या बाईला पंधरानंतरचं वय घरात पहिल्यांदाच बघायला मिळणार.