‘टर्न’ अभ्यासाचे चिकित्सक परीक्षण : माझा अनुभव

पदव्युत्तर नर्सिंगच्या अभ्यासक्रमात एका प्रकाशित संशोधनाचे चिकित्सक परीक्षण लिहायचे होते, तेव्हा मी २०१३ साली प्रसिद्ध झालेला ‘टर्न’ हा अभ्यास निवडला. अमेरिका आणि कॅनडातील नर्सिंग होममधल्या ९४२ वृद्धांची कूस दर दोन, तीन किंवा चार तासांनी बदलून त्यांच्यातील बेडसोअरचे (सतत दाब पडून होणाऱ्या जखमांचे) प्रमाण तीन आठवडे पाहण्यात आले होते आणि तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नव्हता. दोन तासांचा नियम अंगवळणी पडलेल्या परिचारिकेला हा निष्कर्ष खटकतोच. म्हणूनच मी सारांश आणि चर्चा बाजूला ठेवून आधी केवळ संशोधनपद्धती वाचली.

माझा बहुतेक वेळ तिथेच गेला. रुग्णांची विभागणी यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारखी) होती, एवढे वाचून भागत नाही. पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे त्याला अभ्यासात घेणाऱ्याला आधी कळू शकत होते का, हेही शोधावे लागते. कूस बदलणाऱ्यापासून गट लपवणे अर्थातच अशक्य आहे. त्वचा तपासणाऱ्यांना मात्र तो ठाऊक नव्हता आणि ही मला मोठी जमेची बाजू वाटली, कारण सुरुवातीचा बेडसोअर, म्हणजे बोटाने दाबूनही न जाणारी लाली, नजरेनेच ठरवावा लागतो आणि सावळ्या त्वचेवर तर तो सहज निसटतो.

आकडेवारीत पी-व्हॅल्यूपेक्षा (गटांत खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्यापेक्षा) साधा हिशेब अधिक उपयोगी पडला. जखमा झाल्या त्या सुमारे २ टक्के रुग्णांना, म्हणजे ९४२ पैकी जेमतेम १९ जणांना. इतक्या थोड्या घटना तीन गटांत वाटल्या गेल्यावर खरा फरक असूनही तो नजरेआड राहू शकतो, त्यामुळे ‘फरक सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘तिन्ही वेळापत्रके सारखीच’ असा घेता येत नाही, असे मी नोंदवले.

चेकलिस्टबाबत थोडे सांगायला हवे. ‘कॉन्सॉर्ट’ ही चाचणीचा अहवाल कसा लिहावा यासाठी आहे, तर ‘कॅस्प’चे प्रश्न अभ्यासाचा दर्जा जोखण्यासाठी आहेत, अहवाल नीटनेटका असूनही पद्धत कच्ची असू शकते, म्हणून मी परीक्षणासाठी ‘कॅस्प’ वापरली. मुलाखतींवर आधारलेल्या गुणात्मक अभ्यासासाठी तिची वेगळी प्रश्नावली आहे.

शेवटचा प्रश्न उपयोजनाचा होता. या अभ्यासातील सर्व वृद्ध उच्च घनतेच्या फोमच्या गाद्यांवर होते आणि अतिदक्षता विभागातील रुग्ण त्यात नव्हते. म्हणून साध्या गादीवरच्या किंवा अत्यवस्थ रुग्णासाठी चार तासांचे वेळापत्रक या पुराव्यावर स्वीकारता येणार नाही, असे मत मी परीक्षणात कारणांसह मांडले.