स्कॉलरशिपचे पैसे आले होते, मग गेले कुठे?

मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्कॉलरशिप सेक्शनला काम करते. म्हणजे महाडीबीटीवर (राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल) मुलांनी भरलेले फॉर्म तपासायचे, कागद कमी असेल तर परत पाठवायचे, बरोबर असेल तर पुढे समाजकल्याण खात्याकडे सोडायचे. जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीसमोरची लाइन संपतच नाही. पण गेल्या सीझनमधला एक दिवस मात्र लिहून ठेवावासा वाटतोय, कारण त्या दिवशी एका हुशार मुलीचं शिक्षण थांबता थांबता राहिलं आणि तेही पैसे नव्हते म्हणून नाही, पैसे होते, फक्त कुठे आहेत ते घरात कोणाला माहीत नव्हतं.

इंदापूर तालुक्यातलं कुटुंब. वडील ट्रक ड्रायव्हर, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. आई शेतमजुरी करते. मुलगी सेकंड इयरला, इकडे कात्रजला कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहते. सोबत चुलते होते, ते हडपसरला सिक्युरिटीत आहेत. आई-वडील सकाळच्या एसटीने स्वारगेटला उतरून थेट कॉलेजला आलेले. वडिलांनी अर्ज पुढे केला आणि म्हणाले, मॅडम, पोरीचा कॉलेज सोडल्याचा दाखला काढायचाय.

मी अर्ज घेतलाच नाही. मार्क बघितले होते मी तिचे, एकही बॅकलॉग नाही. म्हटलं आधी बसा, पाणी प्या, काय झालं ते सांगा.

झालं असं होतं की फर्स्ट इयरची फी अजून बाकी दिसत होती म्हणून अकाउंट सेक्शनने सेकंड इयरचं रजिस्ट्रेशन अडवलेलं, आणि वडिलांना वाटत होतं की स्कॉलरशिप नामंजूर झाली, आता सगळी फी खिशातून भरावी लागणार. धाकटा मुलगा दहावीला. त्यांनी घरी हिशोब केला आणि ठरवून टाकलं.

आता हे जरा समजून घ्या कारण दरवर्षी यात लोक अडकतात. अनुसूचित जातीच्या मुलांना जी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते (कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत पाहिजे) त्यात ६० टक्के पैसे केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. हे ६०-४० डिसेंबर २०२० मध्ये ठरलं. केंद्राचा हिस्सा कॉलेजला येत नाही, थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जातो, आणि त्यातला फीचा भाग विद्यार्थ्याने कॉलेजला आणून भरायचा असतो. म्हणजे मुलाने भरले नाहीत तर आमच्या रेकॉर्डला फी बाकीच दिसणार.

मी तिचा फॉर्म उघडला. स्टेटसला केंद्राच्या हिश्श्याचे ५२ हजार केव्हाच जमा झालेले. मी तसं सांगितलं. आता सगळे पोरीवरच संशय घेतील हे सांगताना माझ्या लक्षात आलं नाही असं नाही, पण खरं ते सांगावंच लागतं.

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

चुलते म्हणाले, "मग गेले कुठं पैसे? खरं सांग." वडील काहीच बोलले नाहीत, आणि मला वाटतं तेच तिला जास्त लागलं. तिने बॅगेतून पासबुक काढलं, आदल्याच दिवशी एंट्री मारून आणलेलं, आणि माझ्यासमोर एकेक पान उलटत गेली. मेसचे पैसे, पीएमपीचा पास, झेरॉक्सचे पन्नास-साठ रुपये, वडिलांनी टाकलेले दोन हजार, कधी दीड हजार. ५२ हजार कुठेच नव्हते. बोट थरथरत होतं तिचं पण प्रत्येक ओळीवर ठेवून दाखवत होती. अशा वेळी आमच्याकडची पण काही माणसं पटकन म्हणून जातात की मुलं पैसे उडवतात आणि फी भरत नाहीत. काही मुलं तसं करतात, पण म्हणून समोर उभ्या असलेल्या मुलीला न तपासता चोर ठरवायचं का? मला ते अजिबात सहन होत नाही.

मी विचारलं, या खात्याला आधार सीडिंग केलंय का, म्हणजे सरकारी पैशांसाठी आधार नंबर जोडलाय का? ती म्हणाली हो मॅडम, खातं उघडताना आधार कार्ड दिलंय. पण आधार कार्ड देणं म्हणजे केवायसी, नुसती ओळख पटवणं झालं, त्याने सरकारी पैसे त्या खात्यात येतील असं नाही. सरकारचे पैसे आधार नंबरवर सुटतात आणि शेवटी ज्या बँकेत डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडलेलं असेल त्या बँकेत जाऊन पडतात, फॉर्ममध्ये तुम्ही पुण्यातला खाते नंबर लिहिला असला तरी. हे माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये दोन मिनिटात कळतं. फक्त ओटीपी लागतो.

ओटीपी आईच्या फोनवर गेला. आई तोपर्यंत दाराशीच उभी होती, एक शब्द बोलली नव्हती, कोणी तिला काही विचारलंच नव्हतं. साधा बटणाचा फोन, एकेक आकडा नीट वाचून दाखवला तिने. स्क्रीनवर दुसऱ्याच बँकेचं नाव आलं. मी ते मोठ्याने वाचलं आणि आई लगेच म्हणाली, "अहो मॅडम, ते मीच काढलेलं हाय की. आठवीला असताना शाळेतल्या सरांनी सांगितलं हुतं, स्कॉलरशिप येती म्हणून. हे तवा गाडीवर हुते."

वडिलांना त्या खात्याचा पत्ताच नव्हता. मुलीला पुसटसं आठवत होतं पण तिला वाटलेलं ते बंद झालं. बँकेत जो मोबाईल नंबर दिलेला तो कधीच बंद पडलेला, त्यामुळे मेसेज कोणाला येणार? चुलत्यांनी तिथूनच गावी फोन लावला. आजीने पत्र्याच्या पेटीतून पासबुक काढलं आणि शेजारच्या मुलाकडून नंबर वाचून घेतला. चुलते फोन ठेवून मुलीला म्हणाले, "चुकलो बाळा." सगळ्यांसमोर म्हणाले, हे मला फार आवडलं.

खातं निष्क्रिय झालेलं आणि ती अल्पवयीन असताना आईला पालक दाखवून उघडलेलं, म्हणजे नवीन सही, नवीन केवायसी. पण त्यासाठी गावाला जायची गरज नव्हती, केवायसी त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेतही होतं. मी जवळच्या शाखेचा पत्ता दिला आणि अकाउंट सेक्शनला जाऊन थोडी मुदत मागून घेतली. ते तयार नव्हते, पण सीडिंगच्या स्टेटसचं प्रिंट समोर ठेवल्यावर ऐकलं. दाखल्याचा अर्ज मी वडिलांकडून मागून घेतला आणि आत जमा केला नाही.

बोलता बोलता कळलं की मुलीने स्वाधारचा फॉर्मच भरलेला नाही. सरकारी हॉस्टेलला नंबर न लागलेल्या, बाहेरगावाहून आलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी ही डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, पुण्यात शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजारापर्यंत मिळतात, आणि ही पोर मेसचं एक वेळचं जेवण कापून कॉटचं भाडं भरत होती. चुलते म्हणाले विश्रांतवाडीच्या समाजकल्याण ऑफिसला मी स्वतः घेऊन जातो हिला.

तेव्हापासून मी फर्स्ट इयरच्या मुलांना सांगते की फॉर्म भरायच्या आधी घरी सगळ्यांना एकत्र बसवा, आईला तर नक्कीच. उत्पन्नाचा दाखला वडिलांकडे, जातपडताळणी काकांच्या फाइलमध्ये, रेशनकार्ड आजीकडे आणि पासवर्ड मुलाच्या डोक्यात, असा फॉर्म पुढे कसा जाणार? आणि घरात उत्पन्न किती, कर्ज किती हे मुलांपासून लपवू नका, त्यांनाच फॉर्ममध्ये ते लिहायचं असतं.

मुलीने केवायसी झाल्यावर पैसे काढून फीचा भाग भरला, पावती दाखवायला आली तेव्हा आधार सीडिंग पुण्यातल्या खात्याला करून घेतल्याचं पण दाखवलं. रजिस्ट्रेशन झालं. रिन्यूअलच्या फॉर्मला लागणारा नवीन उत्पन्नाचा दाखला यावेळी आईने स्वतः तहसीलला जाऊन काढला आणि मुलीच्या हाती पाठवला. फॉर्म मी तपासून पुढे सोडलाय, स्वाधारचं अजून यायचंय.