बाइंडिंग शेवटी ठरवू म्हणलं, तिथंच चुकले

एकच पुस्तिका तिसऱ्यांदा छापतेय मी. मजकूर जवळपास तोच, फोटो तेच, माणसं तीच. बदलतंय ते फक्त बाइंडिंग. आणि हे मी आधी कुणाला सांगितलं असतं तर हसले असते लोक, की बाइंडिंगसाठी कोण तीनदा छापतं, पण आता स्वतःच्याच हाताने केलंय म्हणल्यावर लिहूनच टाकते.

पुस्तिका आहे स्ट्रेचिंगच्या व्यायामांची. आमच्या छोट्याशा ग्रुपसाठी केलेली, ए५ साइझ, प्रत्येक व्यायामाला समोरासमोरची दोन पानं, डावीकडे फोटो आणि उजवीकडे कसं करायचं ते. पहिल्या वेळी सगळं झाल्यावर, म्हणजे अगदी फायनल पीडीएफ हातात घेऊन प्रेसमध्ये उभी राहिल्यावर मला विचारलं की बाइंडिंग कुठलं, आणि मी म्हणलं परफेक्ट करा ना, छान दिसतं. का, तर चौकोनी कणा येतो, त्यावर नाव छापता येतं, कपाटात उभं ठेवलं की खऱ्या पुस्तकासारखं वाटतं. ९२ पानं होती. पुस्तिका आल्या तेव्हा मी त्या अक्षरशः कुरवाळल्या.

दुसऱ्या दिवशी सगळे चटईवर बसलो, पुस्तिका समोर उघडून ठेवली, दोन्ही हात पायाच्या अंगठ्याकडे नेले आणि पुस्तिका फटकन मिटली. परत उघडली, परत मिटली. एकाने तिच्यावर पाण्याची बाटली ठेवली, एकीने गुडघा दिला, आणि एका पठ्ठ्याने सरळ मधोमध उघडून तळहाताने कणा दाबला, कट्ट असा आवाज आला. आठवड्याभरात त्याची चार पानं सुट्टी झाली. त्याचं काही चुकलं नव्हतं. ज्या वस्तूकडे बघताना दोन्ही हात अडकलेले असणार ती वस्तू स्वतःहून उघडी राहिली पाहिजे, एवढी साधी गोष्ट मला फोटो काढताना, लिहिताना, पानं लावताना एकदाही सुचली नव्हती.

मग बसून जरा वाचलं, बाइंडरला प्रश्न विचारून विचारून पिडलं. परफेक्ट बाइंडिंगमध्ये होतं काय, तर सगळी पानं सुटी करून गठ्ठा लावतात, कण्याची बाजू मशीनवर खरवडतात म्हणजे कागदाचे तंतू मोकळे होतात, त्यावर गरम गोंद आणि वरून कव्हर. प्रत्येक पान फक्त आपल्या कडेच्या त्या बारीक रेघेवर धरलेलं असतं. नेहमीचा जो हॉटमेल्ट गोंद असतो, ईव्हीए म्हणतात तो, तो थंडीत कडक होतो आणि उन्हात गाडीत राहिला तर मऊ पडतो. गुळगुळीत आर्ट पेपरला तर तो नीट चिकटतच नाही कारण वरच्या कोटिंगमुळे गोंद तंतूंपर्यंत पोचत नाही, आणि माझी पुस्तिका फोटोंची, म्हणजे आर्ट पेपरच की! पीयूआर नावाचा दुसरा गोंद असतो, तो हवेतल्या ओलाव्याने पक्का होतो, लवचिक राहतो, आर्ट पेपरलाही धरतो आणि पुस्तकही बरंच सपाट उघडतं. पण त्याला पूर्ण पक्कं व्हायला साधारण एक दिवस द्यावा लागतो, आणि सगळ्या प्रेसकडे ती सोय नसते.

गोंदाने पुस्तक बांधायची हौस तशी जुनीच. १८३६ मध्ये विल्यम हॅनकॉकने इंग्लंडमध्ये शिलाई न करता रबराच्या द्रावणाने पानं चिकटवायचं पेटंट घेतलं होतं. पुस्तकं झकास सपाट उघडायची म्हणे. पुढे काही वर्षांनी रबर वाळलं, ठिसूळ झालं, आणि पुस्तकाची झाली सुट्ट्या पानांची थप्पी. हे वाचून मला माझ्या चार पानांचं दुःख थोडं कमी वाटलं.

परफेक्टचं अजून एक, जे डिझाइन करतानाच माहीत पाहिजे. कव्हर आतल्या पहिल्या आणि शेवटच्या पानाला बाजूनेही काही मिलिमीटर चिकटतं आणि मधल्या पानांचीही आतली कड कण्यात जाते, त्यामुळे आतला मार्जिन बाहेरच्यापेक्षा मोठा लागतो. दोन पानांवर मिळून एक फोटो पसरला असेल तर मधला भाग दरीत गायब. माझ्या एका फोटोतल्या माणसाचं नाकच गेलं होतं.

दुसऱ्या वेळी ठरवलं, सेंटर पिन. म्हणजे मधोमध घडी, घडीवर दोन पिना, झालं. मासिकं असतात तसं. स्वस्त, झटपट, चांगलं उघडतं, आणि घरी करायचं असेल तर लांब हाताचा स्टेपलर असला की पुरे. मला खरं तर हे बाइंडिंग फार आवडतं, त्यात लपवाछपवी काही नाही. पण त्याची एक अट असते, पानं चारच्या पटीतच पाहिजेत, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. ९२ ला चारने भाग जातो पण म्हणजे २३ कागद एकात एक, वर जाड कव्हर, इतकं जाड झालं की घडी बसत नाही आणि पुस्तिका तोंड वासून पडते. म्हणून काटछाट करून ६४ वर आणली. साध्या ८० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदाला ६४ म्हणजे माझ्या मते वरची हद्द, कागद जाड असेल तर ४० - ४८ वरच थांबावं.

पानांच्या जोड्या कशा लागतात याचा गोंधळ होत असेल तर एक सोपी युक्ती सांगते, कागदाच्या एकाच बाजूवर शेजारी शेजारी छापल्या जाणाऱ्या दोन पानांच्या नंबरांची बेरीज कायम एकूण पानं अधिक एक येते. आठ पानी पुस्तिकेत एका बाजूला ८ आणि १, तिच्या पाठीमागे २ आणि ७, दुसऱ्या कागदावर ६ आणि ३, मागे ४ आणि ५. सगळीकडे नऊ. ही बेरीज चुकली की समजायचं काहीतरी उलटंपालटं झालंय. घरच्या प्रिंटरवर काढताना बुकलेटचा पर्याय निवडला तरी दोन्ही बाजू छापताना कागद आखूड कडेवरून उलटायचा असतो, लांब कडेवरून उलटला तर अर्धी पानं डोकं खाली करून येतात. किती कागद वाया घालवले ते विचारू नका.

आणि मग ती दुसरी चूक. कागद एकात एक घातले की आतले कागद बाहेरच्यांच्या पुढे सरकतात, कारण बाहेरच्या कागदाला सगळ्या आतल्यांना वळसा घालून यायचं असतं. १६ कागद, प्रत्येकी जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे सगळ्यात आतला कागद दीड मिलिमीटरच्या आसपास बाहेर डोकावतो. मग कड सरळ दिसावी म्हणून कटिंग करतात, आणि कटिंगमध्ये आतल्या पानांचा बाहेरचा मार्जिन तेवढा कमी होतो. याला क्रीप म्हणतात. पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये याची सेटिंग असते, आतली पानं थोडी थोडी घडीकडे सरकवून देते, पण ती आपण चालू केली तर ना! मी हौसेने पान नंबर अगदी बाहेरच्या कडेला, बारीक पट्टीत घातले होते. सुरुवातीच्या पानांवर पट्टी छान दिसत होती, मधल्या पानांवर येईपर्यंत नंबरांची एक कड कापलेली. ३२ आणि ३३ तर अर्धेच.

त्याच वेळी ग्रेन प्रकरण कळलं, आणि हे मला कुणीतरी दहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला झोपतात, ती दिशा म्हणजे ग्रेन. त्या दिशेने कागद सहज दुमडतो, आडवा दुमडला तर कुरकुरतो, घडीवर भेगा पडतात, आणि पुस्तिका मिटून ठेवली तरी फुगून राहते. नियम एकच, ग्रेन कण्याला समांतर. आता गंमत बघा, बाजारात मिळणाऱ्या ए४ कागदाची ग्रेन बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असते, आणि ए५ पुस्तिका करायला आपण तो रुंदीच्या रेषेवर दुमडतो, म्हणजे नेमकं ग्रेनच्या आडवं! घरी केलेल्या पुस्तिका नेहमी फुगलेल्या का दिसतात याचं हे एक मोठं कारण. यावर उपाय म्हणजे लांब ग्रेनचा ए३ कागद घ्यायचा आणि मधून कापून दोन ए४ करायचे, मग ग्रेन आपोआप बरोबर दिशेला येते. ग्रेन कुठली ते बघायचं तर कागदाचा छोटा चौकोन कापून एका बाजूने ओला करा, तो गुंडाळी होईल, त्या गुंडाळीच्या नळीची जी दिशा ती ग्रेन. किंवा नुसता फाडून बघा, ग्रेनच्या दिशेने सरळ फाटतो आणि आडवा वेडावाकडा.

कव्हर जाड असेल, २०० जीएसएमच्या पुढे वगैरे, तर दुमडण्याआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून खाच पाडणं, करून घ्यायचंच. नाहीतर घडीवरची शाई तडकून पांढरी रेघ दिसते, गडद रंगाच्या कव्हरवर तर फारच. आणि क्रीझचा जो उंचवटा येतो तो घडीच्या आत जायला हवा, बाहेर नाही. मला कायम उलटं वाटायचं.

दुसरी आवृत्ती वापरायला पहिलीपेक्षा कितीतरी बरी होती हे खरं. पण चटईवर मात्र पहिली काही पानं आणि शेवटची काही पानं उघडी राहायची नाहीत, मधली राहायची. म्हणजे व्यायामाच्या मध्यावर सगळे खूश आणि वॉर्मअपला चिडचिड.

म्हणून आता तिसरी वायरो. वायरोमध्ये तारेच्या दुहेरी कड्या असतात, पानं शंभर टक्के सपाट पडतात आणि पूर्ण मागे वळवूनही ठेवता येतात. छोट्या जाडीला इंचाला तीन भोकं, जाड गठ्ठ्याला दोन. चारच्या पटीची भानगड नाही, मध्येच एखादं जाड पान घालता येतं, त्यामुळे काढून टाकलेले व्यायामही परत आले. साध्या प्लास्टिक स्पायरलपेक्षा वायरो मला का हवी होती, तर स्पायरल गोल गोल चढत जाते त्यामुळे समोरासमोरची पानं किंचित खालीवर दिसतात, आणि माझं तर सगळंच डावं-उजवं जोडीने आहे. पण स्पायरलच्या बाजूने एक आहे, ती दाबली तरी परत उसळते, वायरोची तार एकदा चेपली की चेपली, मग पान तिथं अडकत राहतं. शिवाय भोकांसाठी आतला मार्जिन १२ मिलिमीटर तरी सोडला, आणि कण्यावर नाव छापायचं स्वप्न गेलं ते गेलंच.

बाकीच्यांबद्दल फार बोलत नाही. प्लास्टिकच्या कंगव्यासारखं असतं ते कोम्ब बाइंडिंग ऑफिसच्या रिपोर्टला ठीक, कारण पान बदलता येतं. साइड पिन, म्हणजे कण्याजवळ वरून आरपार मारलेली पिन, मजबूत असते पण अर्धा इंच पान खाते आणि उघडायला हात लावूनच बसावं लागतं. हार्डबाउंड पुस्तिकेला म्हणजे लहान मुलाला शेरवानी घातल्यासारखं.

दोऱ्याच्या शिलाईबद्दल मात्र बोलायलाच हवं. थोड्याच प्रती असतील, दहा-वीस, तर हाताने शिवा, खरंच सांगते. घडीवर तीन भोकं टोच्याने पाडायची, मेण लावलेला दोरा, आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, मग मधलं भोक सोडून थेट खालच्यातून बाहेर, शेवटी मधल्यातून परत आत आणि दोन टोकं आतल्या लांब दोऱ्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ. एक पुस्तिका पाच मिनिटांत होते. पिनेला गंज येतो आणि कागदावर तपकिरी डाग पडतो, दोऱ्याला तसलं काही नाही. आमच्या प्रती साठ आहेत आणि पानंही जास्त, म्हणून नाही केलं, नाहीतर मी तेच केलं असतं.

या वेळी प्रेसला फाइल पाठवायच्या आधी डमी केली. नेमका तोच कागद, तेवढीच पानं, सगळी कोरी, आणि तीच वायरो घालून. ती चार दिवस चटईवर टाकली, पिशवीतून नेली, एकदा पाणी सांडलं. चौथ्या दिवशी कुणाचा तरी पाय पडला आणि वरच्या दोन कड्या चेपल्या. आता प्लास्टिक स्पायरलची एक डमी करायला दिलीये, पानं अर्धा मिलिमीटर खालीवर दिसली तर दिसू देत.