चौरस जाळीने लपवलेली अक्षांची अदलाबदल

धातूच्या पत्र्याला एका कोपऱ्याजवळ उष्णता दिलेली, आणि २०० × २०० बिंदूंवरचं तापमान फाइलमध्ये आलेलं. पायथनच्या आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब लायब्ररीत कंटूर (समान तापमानाच्या रेषांचा नकाशा) काढला तर तापलेला भाग भलत्याच कोपऱ्यात. एरर नाही, वॉर्निंग नाही. प्रोग्रॅम कोसळला असता तर निदान ओळ क्रमांक तरी मिळाला असता!

मेख होती ती जाळी चौरस असण्यात. कंटूरला झेडच्या, म्हणजे तापमानांच्या ॲरेच्या (संख्यांच्या तक्त्याच्या), ओळी वायप्रमाणे आणि स्तंभ एक्सप्रमाणे लागतात. फाइल लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने पहिला निर्देशांक एक्सचा धरला होता. दोन्ही बाजू २००, त्यामुळे आकार जुळतो आणि चित्र गुपचूप कर्णावर पलटी खातं.

मग खरा डेटा बाजूला ठेवला. एक्सचे ३० आणि वायचे ५० बिंदू घेतले, झेड म्हणजे एक्स अधिक दहा पट वाय, आणि फाइलच्याच क्रमाने ॲरे भरला. आता मात्र लगेच तक्रार आली: एक्सची लांबी झेडच्या स्तंभांशी जुळत नाही. हेच तर हवं होतं. झेड ट्रान्सपोज केला, म्हणजे ओळी आणि स्तंभांची अदलाबदल केली, आणि काम झालं. पायथनच्या नमपाय या गणिती लायब्ररीतल्या मेशग्रिडला (एक्स-वायची जाळी बनवणारं फंक्शन) ‘आयजे’ इंडेक्सिंग, म्हणजे पहिला निर्देशांक एक्सचा, देऊनही हेच साधतं, पण दोन्ही उपाय एकदम केले की चौरस जाळीवर गाडी पुन्हा मूळ पदावर, तीही बिनबोभाट.

कंटूरखाली इमशोने (ॲरेचं चित्र दाखवणारं फंक्शन) रंगीत चित्र घातलं तर ते उलटं, कारण तिथे पहिली ओळ वर येते. ओरिजिन ‘लोअर’ केलं, म्हणजे पहिली ओळ खाली आली. तरी रेषा किंचित सरकलेल्या वाटत होत्या. इमशोच्या एक्स्टेंटमध्ये (चित्राची अक्षांवरची हद्द) चौकटींच्या कडा द्यायच्या असतात, कंटूर मात्र बिंदूंवरून जातो. म्हणून चारही बाजूंना अर्धी चौकट वाढवली.

सरफेसमध्ये, म्हणजे त्रिमितीय आलेखात, वेगळंच. जागा बरोबर, पण शिखर बुटकं. कंटूरमध्ये दिसणाऱ्या कमाल तापमानापर्यंत पृष्ठभाग पोचतच नाही. मी आधी झेडच्या मर्यादा तपासत बसलो, त्या ठीक होत्या. प्लॉट सरफेस स्वतःहून प्रत्येक दिशेला जास्तीत जास्त ५० नमुने घेतं, म्हणजे माझ्या जाळीतला दर चौथा बिंदू. अरुंद शिखर नेमकं त्या फटीत हरवलं होतं. आरकाउंट आणि सीकाउंट (ओळी आणि स्तंभांच्या नमुन्यांची कमाल संख्या) २०० केले तेव्हा ते पुरतं उभं राहिलं. मात्र आकृती माउसने फिरवताना अडखळते, म्हणून कोन ठरवताना ५० च ठेवतो आणि चित्र सेव्ह करताना २००.