ठोकलेली एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) लिलावात घ्यावी का?

सोलापुरात बसून फोटोवर बोली लावू नका. लोहचुंबक, टेप, टॉर्च घेऊन गाडी उभी असेल तिथे जा.

एमजीबीला (१९६२ ते १९८०) वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच भार पेलते. त्यामुळे बॉनेट-बंपर चेपलेले असले तर फारसं घाबरू नका. दाराखालचे सिल, म्हणजे भार पेलणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, बघा. चुंबक चिकटला नाही, तर गंजलेल्या पत्र्यावर जाड पुट्टी आहे. उघड्या टपाच्या गाडीत दाराची फट वर अरुंद, खाली रुंद दिसली की गाडी मधून बसलीच समजा. मग खालून दोन्ही कर्ण मोजा. सेंटीमीटरभर फरक आला, तर जिगवर (बॉडी सरळ करायच्या चौकटीवर) ओढल्याशिवाय सुटका नाही. साखळी-पुलीचं हे काम नव्हे.

इंजिन जाम? प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडा, थांबा, पान्याने क्रँक फिरवून बघा. सिलिंडरचं बोअर वर्कशॉपमध्ये मशीनवर होतं, बॉडीचं तसं नसतं.

वेगळी चासी नसली तरी चासी नंबर असतोच; तो आरसीशी जुळलाच पाहिजे. ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीच्या नव्या विंटेज नोंदणीला २०,००० रुपये लागतात. पण त्या पाटीवर रोज नवी पेठेत मिरवता येत नाही, बरं का!